छोटा ट्रॅक्टर घेण्यापूर्वी : आधी सरी मोजा, मग तास मोजा



कडा गटात शिवारफेरीला निघालो की हल्ली दहापैकी चार ठिकाणी एकच विषय निघतो. उसाची पाहणी होते, लोकरी मावा आहे का, हुमणी आहे का हे बघून होते आणि बांधावर चहा आला की सभासद हळूच विचारतात, "साहेब, औंदा छोटा ट्रॅक्टर घ्यावाच म्हणतो. कोणता घेऊ?" बैल परवडत नाहीत, सालगडी मिळत नाही, आपल्या भागातली तरणी माणसे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर सहा-सहा महिने बाहेर असतात आणि भाड्याचा ट्रॅक्टर वाफसा असताना कधीच वेळेवर येत नाही. अडचण खरी आहे. म्हणूनच "कोणता घेऊ" याचे उत्तर बांधावर उभ्याउभ्या देण्याची चूक आम्ही आता करीत नाही. पूर्वी केली होती. तीच हकीकत प्रथम सांगतो.

आमच्या हातून झालेली चूक

मेहकरीच्या काठाला आमचे एक सभासद आहेत. दोन एकर ऊस, तीन एकर कोरडवाहू आणि चार गाई. त्यांनी विचारले आणि आम्ही सांगून टाकले, "पंधरा हॉर्सपॉवरचा घ्या, उसात मस्त चालेल." त्यांनी कर्ज काढून घेतला. पेढे दिले. पहिल्याच खोडव्यात यंत्र घातले, तेव्हा लक्षात आले की त्यांची सरी तीन फुटी आहे. ट्रॅक्टर सरीत मावेना. एका बाजूचे चाक बेटांवरून जाऊ लागले, फुटवे मोडले आणि शेवटी बगला फोडायला त्यांना शेजाऱ्याचीच बैलजोडी मागावी लागली. यंत्र दारात आणि औत उसने! तिसऱ्या वर्षी त्यांनी ट्रॅक्टर विकला. कर्ज मात्र पुढे दोन वर्षे ऊस बिलातून कपात होत राहिले.

यंत्र खराब नव्हते. विकणाऱ्याने फसविले नव्हते. आम्ही सरी न मोजता सल्ला दिला आणि त्यांनी तो ऐकला. तेव्हापासून आम्ही आधी टेप काढतो आणि मग बोलतो.

पहिली गोष्ट : सरी

उसात यंत्र जाणार की नाही हे लागवडीच्या दिवशीच ठरते. आपल्याकडे जुनी सवय तीन फुटी सरीची. बैलांच्या औताला ती चालत होती. मध्यम जमिनीत चार फूट आणि भारी काळ्या जमिनीत पाच फूट सरी ठेवावी, किंवा अडीच-पाच फूट अशी जोडओळ पद्धत घ्यावी, ही शिफारस आता सर्वांना माहीत आहे. रुंद सरीने उत्पन्न घटते ही भीती मनातून काढावी. हवा, ऊन मिळाले की फुटवे जगतात आणि ऊस जाड होतो. शिवाय पुढे तोडणी यंत्राने ऊस न्यावयाचा झाल्यास साडेचार ते पाच फूट सरी लागतेच.

आता हिशेब पाहा. चार फुटी सरीत ऊस फुटला की दोन्ही बाजूंचे फुटवे आत येतात आणि मोकळी जागा तीन-साडेतीन फूटच उरते. म्हणजे यंत्राची चाकाच्या बाहेरील कडेपासून बाहेरील कडेपर्यंतची रुंदी तीन फुटांच्या आत पाहिजे. पाच फुटी सरीत किंवा जोडओळीच्या मोठ्या पट्ट्यात साडेतीन ते पावणेचार फुटी यंत्र आरामात जाते. तीन फुटी सरीत कोणताही चारचाकी ट्रॅक्टर घालण्याचा हट्ट धरू नये. तेथे पेट्रोलवरचा लहान पॉवर वीडर किंवा बैल हेच खरे.

बाजारात या आकाराची यंत्रे आता पुष्कळ आहेत. महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे दोन्ही पंधरा हॉर्सपॉवरचे, एका सिलिंडरचे. व्हीएसटी शक्तीचे अठरा-एकोणीस हॉर्सपॉवरचे छोटे ट्रॅक्टर आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबवाल्यांमुळे माहीत झाले. कुबोटाचा निओस्टार एकवीस हॉर्सपॉवरचा, चारही चाकांना जोर असलेला. स्वराजने २०२१ साली कोड नावाचे अकरा हॉर्सपॉवरचे, तीन फुटांपेक्षा अरुंद, पेट्रोलवरचे यंत्र आणले. महिंद्राने २०२३ साली ओजा ही हलकी मालिका काढली. नावे माहितीसाठी दिली आहेत, शिफारस म्हणून नव्हे. कोणत्याही दुकानात गेल्यावर माहितीपत्रकावर भरवसा न ठेवता खिशातला टेप काढून मागच्या चाकांची बाहेरची रुंदी स्वतः मोजावी. काही ट्रॅक्टरांना मागील चाकांतील अंतर कमी-जास्त करता येते. ते करून दाखवा म्हणावे.

आणखी दोन मोजमापे घ्यावीत. एक, जमिनीपासून पोटापर्यंतची उंची. वरंबा चढवल्यावर मधला भाग मातीला घासू नये. दुसरे, बांधाकडेची वळण्याची जागा. दहा-बारा फूट मोकळी पट्टी नसेल तर प्रत्येक सरीच्या टोकाला मागे-पुढे करण्यात निम्मा वेळ जातो आणि टोकाचा ऊस मोडतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट : काम किती तासांचे?

एका एकरात चार फुटी सरीने किती लांब ओळ होते, हे बऱ्याच जणांनी कधी मोजलेले नसते. एकराचे ४३,५६० चौरस फूट. त्याला चारने भागा. १०,८९० फूट, म्हणजे सव्वातीन किलोमीटरहून थोडी जास्त. ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालले तर एक तास वीस मिनिटे. वळणे धरून पावणेदोन-दोन तास. एका फेरीला एकरी दोन तास धरू.

उसात यंत्राच्या फेऱ्या किती? दोन आंतरमशागती, एक बाळबांधणी आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात मोठी बांधणी. चार फेऱ्या, म्हणजे एकरी आठ तास. मोठ्या बांधणीनंतर उसात काही जात नाही, जाऊही नये. दोन एकरांचे झाले सोळा तास. बाजरी, तूर, उडीद, कांदा अशा तीन एकरांत कुळवणी, पेरणी, कोळपणी, फवारणी मिळून एकरी सहा तास धरले तर अठरा तास. एकूण चौतीस तास. वर्षाचे!

येथे सभासद म्हणतात, "साहेब, वैरणीचं धरलं नाही तुम्ही. रोज अर्धा तास ट्रॉली लागंल." बरोबर आहे. पण त्या वैरणीला आज आपण भाड्याचा ट्रॅक्टर लावतो का? नाही. हातगाडी, मोटारसायकलमागचा छकडा किंवा डोक्यावरचा भारा यानेच ती येते. ज्या कामाला आज पैसे मोजावे लागतात तेच तास बचतीत धरावेत. बाकीची सोय म्हणावी, उत्पन्न म्हणू नये. सोयीलाही किंमत आहे, विशेषतः घरातली बाईमाणसे वैरण वाहत असतील तर. पण तिचा हप्ता सोय फेडत नाही, ऊस फेडतो.

तिसरी गोष्ट : हप्ता कोण फेडणार?

खालील आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, यंत्र आणि अवजारे मिळून पाच लाख. दहा वर्षांनी विकून दोन लाख येतील. म्हणजे घसारा वर्षाला तीस हजार. गुंतलेल्या रकमेवर दहा टक्क्यांनी सरासरी व्याज पस्तीस हजार. विमा, दुरुस्ती, टायर, शेड पंधरा हजार. यंत्र चालो वा उभे राहो, वर्षाला ऐंशी हजार गेले. डिझेल, ऑइल आणि चालवणाऱ्याची मजुरी ताशी अडीचशे. भाड्याचा ट्रॅक्टर ताशी सातशे घेतो असे धरा. म्हणजे स्वतःचे यंत्र तासाला साडेचारशे वाचवते. ऐंशी हजाराला साडेचारशेने भागा. जवळजवळ एकशे ऐंशी तास येतात.

म्हणजे वर्षाला एकशे ऐंशी तासांच्या पुढे काम असेल तर यंत्र परवडते. आपल्या सभासदाचे काम निघाले चौतीस तास. पाच घरे मिळून एक ट्रॅक्टर, असा या गणिताचा अर्थ.

हप्त्याच्या बाजूनेही पाहा. चार लाख कर्ज, पाच वर्षे, दहा टक्के व्याज. वार्षिक हप्ता साधारण एक लाख पाच हजार. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. उताऱ्याचा फरक आणि तोडणी-वाहतूक वजा जाता हातात समजा २,८०० आले. दोन एकरांत ऐंशी टन ऊस झाला तर दोन लाख चोवीस हजार. त्यातून खत, बियाणे, वीज, सोसायटीचे पीककर्ज अजून जायचे आहे आणि जवळपास निम्मी रक्कम एकट्या ट्रॅक्टरची. त्यात आपला तालुका दुष्काळी. विहिरीने मार्चमध्ये तळ दाखवला की ऐंशी टनांचे चाळीस होतात. पण हप्ता तेवढाच राहतो आणि सातबाऱ्यावरचा बोजाही तेवढाच राहतो. म्हणून चांगल्या वर्षाच्या बिलावर हप्ता ठरवू नये. गेल्या पाच वर्षांतले सर्वांत वाईट वर्ष घ्यावे आणि त्या वर्षी हा हप्ता गेला असता का, ते पाहावे.

मग करावे काय?

*दोन एकरांपर्यंत ऊस असल्यास* नांगरट, रोटर आणि सरी पाडणे भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने करून घ्यावे. पंधरा हॉर्सपॉवरच्या यंत्राने खोल नांगरट होत नाही, ओढून केली तर क्लच जातो. आंतरमशागतीला लहान पॉवर वीडर ठेवावा किंवा बैल. बैलजोडी काम नसले तरी रोज खाते हे खरे, पण ती शेणखत देते, तिला डिझेल लागत नाही आणि तीन फुटी सरीत चुकत नाही. ज्यांच्याकडे जोडी आहे आणि घरात हाकणारा माणूस आहे, त्यांनी शेजाऱ्याचे बघून ती विकू नये.

*पॉवर टिलर* बारा-तेरा हॉर्सपॉवरचा असतो, अरुंद असतो आणि मातीही चांगली घुसळतो. पण त्याच्यामागे चालावे लागते. एकराच्या एका फेरीला सव्वातीन किलोमीटर, तेही हँडल पेलत. चिकण काळ्या रानात पन्नाशीच्या माणसाला ते झेपत नाही. घरात तरणाबांड मुलगा नसेल तर याच्या वाटेला जाऊ नये.

*चार-पाच घरांनी मिळून* छोटा ट्रॅक्टर घेणे हा आमच्या मते आपल्या भागाला सर्वांत योग्य मार्ग. एकाच पाणंदीवरची घरे असावीत. चालवणारा एकच ठरवावा. तासाचा दर आधी ठरवून वहीत रोज नोंद करावी आणि ज्याचे रान त्यानेही पैसे द्यावेत. वाफशावर पाळी कोणाची, हे पावसाआधी कागदावर लिहावे. "घरचंच आहे, लिहायचं काय" म्हणून सुरू झालेली भागी पहिल्या पावसाला मोडते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहायता बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची नव्वद टक्के अनुदानाची मिनी ट्रॅक्टर योजना आहे. आपल्या गटातील पात्र सभासदांनी तिची चौकशी अवश्य करावी.

*पाच-सहा एकरांवर ऊस, सोबत फळबाग किंवा मोठा गोठा असल्यास* स्वतःचा ट्रॅक्टर विचारात घेण्यास हरकत नाही. मुरमाड माळावर दोन चाकांना जोर असलेला पुरतो. मेहकरी-सीनेच्या काठच्या भारी काळ्या रानात, पाऊस पडून गेल्यावर, चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर कमी घसरतो आणि एक दिवस आधी रानात जातो. तो एक दिवस कधीकधी सगळी पेरणी साधतो. इंजिन पाण्याने थंड होणारे घ्यावे, कारण उन्हाळ्यात पाचट कुट्टीसारखे काम हळू आणि तासन्‌तास चालते. हॉर्सपॉवर विचारताना "पीटीओला किती" हे विचारावे. इंजिनची सगळी ताकद मागे पोचत नाही आणि कुट्टी, रोटर, फवारणी पंप हे सर्व पीटीओवर चालते. आणि सुटे भाग कड्यात किंवा आष्टीत मिळतात की प्रत्येक वायसरसाठी नगर गाठावे लागते, हे आधी त्याच कंपनीचे यंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्याला विचारावे, दुकानदाराला नव्हे.

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करावा आणि पूर्वसंमती पत्र हातात आल्यावरच खरेदी करावी. आधी घेतले आणि मग अर्ज केला, असे होऊन अनुदान गेलेली उदाहरणे आहेत. ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. कोटेशनवर तो तसाच लावलेला आहे का, ते पाहावे.

मोबाईलवरची चारचाकी मोटारसायकल

गेल्या वर्षी एका सभासदाच्या मुलाने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. मोटारसायकलसारखे हँडल, चार जाड टायर, डोंगर असो की चिखल, उड्या मारीत जाणारी गाडी. परदेशातील कुरणवाले तिच्यावर बसून गुरे वळतात. "ही आपल्याला नाही का चालणार?" त्याचा प्रश्न चेष्टेचा नव्हता, म्हणून उत्तर देतो.

आपल्याकडेही अशा गाड्या मिळतात. पोलारिस कंपनीने ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारे एक मॉडेल आणले, त्याची किंमत आठ लाखांच्या आसपास होती. ज्यांची शेकडो एकर कुरणे आहेत, तेथे कुंपण बघायला, खाद्य टाकायला ती सोयीची. आपल्या शिवारात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला हाक ऐकू जाते. उसाला हवे ते औत उचलणारे हायड्रोलिक आणि बांधणीचा जोर. वेग येथे कामाचा नाही.

त्या गाडीचा एक धडा मात्र आपण घेण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात या गाड्या उलटून, खाली सापडून इतकी माणसे गेली की तेथील सरकारने ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या प्रत्येक नव्या गाडीला, उलटली तरी माणूस चिरडू नये म्हणून मागे संरक्षक कमान सक्तीची केली. अरुंद आणि हलके यंत्र उलटते. आपला छोटा ट्रॅक्टरही अरुंद आणि हलकाच आहे, आणि आपल्याकडील बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांना अशी कमान नसते.

जिवाचे चार नियम

गेल्याच्या गेल्या हंगामात आमच्या डोळ्यांसमोर एक प्रसंग घडला. उसाने भरलेली टायरगाडी पाणंदीत रुतली. एकाने छोटा ट्रॅक्टर आणून साखळी बांधली, ती खालच्या हुकाला न बांधता वर, टॉपलिंकच्या जागी. क्लच सोडला आणि ट्रॅक्टरची पुढची चाके उभी राहिली. चालवणाऱ्याने क्लच दाबला म्हणून तो वाचला. सगळे मिळून दोन श्वास लागले असतील. त्या दिवशी कोणी फार बोलले नाही.

तेव्हा :

१. ओढायचे ते नेहमी खालच्या हुकाने. साखळी धुऱ्याच्या वर कधीही बांधू नये. रुतलेली गाडी ओढायला मोठा ट्रॅक्टर बोलवावा.

२. बांधावर, चारीच्या कडेला, उतारावर तिरपे चालवू नये. मागे औत वर उचललेले असताना वळण घेऊ नये. संरक्षक कमान असेल तर पट्टा बांधावा. कमान नसेल तर पट्टा बांधू नये, उडी मारायला मोकळे असावे.

३. पीटीओ फिरत असताना धोतर, पदर, टॉवेल, मफलर घेऊन जवळ जाऊ नये. झाकण काढून टाकू नये. पॉवर टिलर रोटर चालू ठेवून मागे घेऊ नये, तो आपल्याच पायांवर येतो.

४. मडगार्डवर पोराला बसवू नये. गावात सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम हाच आहे. कौतुकाने बसवतात.

शेवटी

यंत्राला आमचा विरोध नाही. माणसे मिळत नाहीत, पुढे अजून कमी मिळतील, आणि यंत्राशिवाय ऊस होणार नाही हे आम्हालाही दिसते आहे. पण क्रम चुकू नये. यंदाच्या लागवडीला सरी चार किंवा पाच फूट करा. पुढील वर्षभर भाड्याचे प्रत्येक बिल आणि त्याचे तास एका वहीत लिहा. ती वही घेऊन दोन-चार शेजाऱ्यांशी बसा. मग यंत्र बघायला जा आणि पैसे देण्याआधी ते आपल्या सरीत एकदा चालवून पाहा. चालवून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

वर सांगितलेल्या सभासदांनी औंदा पाच फुटी सरी पाडली आहे. शेजारच्या तिघांबरोबर भागीत छोटा ट्रॅक्टर घेण्याचा त्यांचा विचार चालू आहे. या खेपेला सरी मोजायला आम्ही स्वतः टेप घेऊन गेलो होतो.

ज्या सभासदांना सरी मोजून किंवा तासांचा हिशेब करून हवा असेल, त्यांनी आपल्या गटाच्या ॲग्री ओव्हरसियरकडे नाव नोंदवावे. आम्ही शेतावर येऊ. कोणत्या कंपनीचा घ्यावा हे मात्र आम्ही सांगणार नाही, ही नम्र विनंती मान्य व्हावी.

ऊस विकास अधिकारी